‘ताई, इथं बसायला एक बरा कॅफे सापडेना’

पत्र थोडक्यात असं: खानापूर तालुक्यातली २४ वर्षांची मुलगी. बेळगावात राहून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, वडिलांचं तिथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. एज्युकेशन लोन काढून ऑक्टोबरपासून जर्मनीत स्टुटगार्टला मास्टर्स करतीय. बेळगावात रोज संध्याकाळी आरपीडी क्रॉसच्या चौकात मैत्रिणींबरोबर चहा व्हायचा, तसली जागा तिकडं सापडेना म्हणून दर शनिवारी मॅपवर साडेचार स्टारचा एक नवा कॅफे शोधून लॅपटॉप घेऊन जाते. एकटी बसली की सगळे आपल्याकडंच बघतायत असं वाटतं. एका ठिकाणी शनिवारी दुपारी वेट्रेसनं लॅपटॉप बंद करायला सांगितला, रडू आलं, त्यानंतर त्या रस्त्यानंसुद्धा गेली नाही. कॉफीची चव जुळत नाही, वर कपाला चार-साडेचार युरो जातात, मनात लगेच रुपयाचा हिशोब सुरू होतो आणि बाबा डोळ्यासमोर येतात. क्लासमधले बोलावतात तेव्हा काहीतरी कारण सांगून टाळते. आईला फोनवर ‘लायब्ररीत आहे’ म्हणते. फ्लॅटमधली हुबळीची मैत्रीण म्हणते घरात कॉफी कर की, कशाला पैसे घालवतीस. विचारते, चांगला कॅफे शोधायचा कसा, की हा नादच सोडून देऊ?

अगं पोरी, कॅफे कसा शोधायचा ते सांगते, पण आधी त्या शनिवारबद्दल बोलूया.

शनिवारी दुपारी साडेतीनची वेळ होती म्हणतेस. जर्मनीत ही वेळ कॉफी आणि केकची, शनिवार-रविवारी तर आजी-आजोबा, लेकरं, पाहुणे सगळे मिळून कॅफेत येतात. टेबलं असणार दहा-बारा, त्यातलं एक तू एका कॅपुचिनोवर दोन तास धरून बसलीस, समोर लॅपटॉप, शेजारच्या खुर्चीवर बॅग. आता आपल्या इथं रविवारी सकाळी पुरी-भाजी खायला गेलं की काय होतं आठव. तुझा शेवटचा घास तोंडात असतो आणि खुर्चीमागं एक माणूस येऊन उभा राहतो, त्याची बायको पिशवी टेबलावर ठेवूनच टाकते, वेटर ग्लास उचलून ओलं फडकं मारायला लागतो. तिथं तुला कधी रडू आलं का? उलट तू हसत उठलीस आणि बाहेर जाऊन बडीशेप चघळलीस. तिकडं हेच काम फडक्यानं न करता तोंडानं केलं, एवढंच झालं असण्याची शक्यता जास्त आहे. आणि ते लोक सरळ बोलतात, मागं-पुढं साखर लावत नाहीत, ते आपल्याला लागतं.

आता ह्याचा अर्थ असा नाही की तिकडं रंग बघून वागणारी माणसं नाहीतच. आहेत, आणि ‘तुझा गैरसमज झाला असेल’ असं म्हणून मी तुझी बोळवण करणार नाही. पण ओळखायला सोपं आहे. दारावर, मेन्यूवर किंवा टेबलावर लॅपटॉपवर काट मारलेलं चित्र आहे का बघ, बऱ्याच छोट्या कॅफेत असतं, कुठं फक्त वीकेंडला बंदी, कुठं ठराविक टेबलांवरच परवानगी. शेजारच्या लॅपटॉपवाल्या पोराला पण सांगितलं का? सांगितलं असेल तर विषय संपला. फक्त तुलाच सांगितलं असेल, तर ते ठिकाण वाईट, तू नाहीस. असलं परत झालं तर तारीख-वेळ लिहून ठेव. जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे, तो हॉटेल-दुकानांना पण लागू होतो, आणि केंद्र सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय फुकट सल्ला देतं. हे मी पुढच्यासाठी सांगून ठेवतीय, त्या शनिवारला एवढं वजन असेल असं मला पत्रावरनं तरी वाटत नाही.

दुसरं म्हणजे, एकटी बसले की सगळे बघतात. कोण बघतंय गं? आपल्याकडच्या जुन्या हॉटेलात बाई एकटी चहा प्यायला शिरली की गल्ल्यावरचा माणूस न विचारताच आत बोट दाखवायचा, ‘फॅमिली रूम तिकडं’. प्लायवूडचं पार्टिशन, कळकट पडदा, दिवसापण ट्यूबलाइट, आणि टेबलावरच्या सनमायकाचा एक कोपरा उचकटलेला. आत बसून बाहेरचे सगळे ऐकू यायचे पण दिसायचे नाहीत. आता पोरी बाहेर बसतात, पण चौघी-पाचजणी मिळून. तू तरी आरपीडीला कधी एकटी जाऊन बसली होतीस का? मला नाही वाटत. म्हणजे एकटीनं बसणं हे तू स्टुटगार्टातच पहिल्यांदा करतीयस आणि बघणारी नजर मात्र खानापुरातनं बरोबर नेलीयस. पुढच्या वेळी गेलीस की पाच मिनिटं मान वर करून बस, खरंच किती जण बघतात ते मोज. एकटीच पेपर वाचत बसलेली एखादी म्हातारी बाई तरी नक्की दिसेल, तिच्याकडं कोणी बघत नसेल, तुझ्याकडं पण नाही.

आता कॅफे. तुझ्या पत्रात मला एक कॅफे नाही, चार दिसतात. अभ्यासाला टेबल आणि वायफाय पाहिजे. परवडेल अशी कॉफी पाहिजे. बोलायला माणसं पाहिजेत. आणि आरपीडी क्रॉस पाहिजे. हे चारही एका दारातनं मिळावं म्हणून तू दर शनिवारी दार बदलतीयस, आणि साडेचार स्टार बघून आत गेलीस की त्यातलं एखादंच मिळतं, बाकी तिन्हीसाठी मन खट्टू होतं.

शेवटच्यापासनं सुरू करते. आरपीडीचा तो चहा खरंच एवढा भारी होता का? खरं सांग. साखर जास्त, ग्लास चिकट, बसायला कट्टा नाहीतर कुणाच्यातरी गाडीची सीट, शेजारनं बस धूर सोडून जायची. पाच स्टार कुणी दिले असते? पण साडेपाचला गेलं की कोणी ना कोणी असणारच हे माहीत होतं, फोन करायची पण गरज नव्हती. चहावाल्याला माहीत होतं ह्या पोरींना बाय-टू लागतो, म्हणजे दोन चहात चौघी. ती जागा तुम्ही कुठं रेटिंग बघून शोधली नव्हती, तिथं रोज जात राहिलात म्हणून ती तुमची झाली. आणि तू तिकडं नेमकं उलटं करतीयस, दर आठवड्याला नवीन ठिकाण. अशानं तुला कोण ओळखणार? वेट्रेस तरी कशी हसणार, तिनं तुला आधी बघितलेलंच नाही.

म्हणून मी म्हणेन शोधाशोध बंद कर आणि एक जागा पकड. घराजवळची, ट्राम किंवा एस-बान म्हणजे लोकल ट्रेनच्या रस्त्यावरची, साडेतीन स्टारची असली तरी चालेल, बेकरी असली तर अजून बरं. जर्मनीत बेकऱ्या गल्लोगल्ली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी उभं राहून प्यायची उंच टेबलं नाहीतर चार खुर्च्या असतात, कॉफी कॅफेपेक्षा स्वस्त पडते, कोणी अदबीनं मेन्यू आणून देत नाही त्यामुळं अवघडायला पण होत नाही. ठराविक वार, ठराविक वेळ, तेच टेबल मिळालं तर तेच. महिना दीड महिना कर. काउंटरवरची बाई एक दिवस तू तोंड उघडायच्या आधीच कप मशीनखाली लावेल. जर्मन मोडकं असू दे गं, खडेबाजारात एका दुकानात मराठी आणि शेजारच्या दुकानात कन्नड बोलताना तू कधी व्याकरण तपासलंस?

अभ्यासाचं टेबल मात्र कॅफेत शोधूच नकोस. त्यासाठी युनिव्हर्सिटीची लायब्ररी आहे, आणि माइलेंडर प्लाट्झवरची शहराची मोठी लायब्ररी आहे, ती पांढरी चौकोनी, २०११ ला उघडली, कोरियन आर्किटेक्ट उन यंग यी यांनी केलेली. नुसतं जाऊन बसायला पैसे लागत नाहीत, आणि वर छोटा कॅफे पण आहे, म्हणजे आईला ‘लायब्ररीत आहे’ म्हणालीस तरी खोटं होणार नाही. रविवारी सार्वजनिक लायब्ऱ्या बहुतेक बंद असतात, तेव्हा युनिव्हर्सिटीचीच बघावी लागते, वेळ आधी तपासून जा. स्वस्त कॉफी मेन्साच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनच्या, कॅफेटेरियात, ते स्टुडंट लोकांसाठीच चालवलेलं असतं. बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये विद्यार्थ्यांच्या संघटनेची खोली असते, तिला फाखशाफ्ट म्हणतात, तिथं कॉफी मशीन आणि जुना सोफा हमखास सापडतो आणि मागच्या वर्षीचे पेपर पण. तू युनिव्हर्सिटीच्या फाइंगन कॅम्पसला क्लासला जातीस ना, तिथंच विचार.

तरी कॅफेतच जाऊन काम करायचं असेल, माणसाला कधीतरी लायब्ररीची शांतता नको होते, तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. मॅपवर गर्दीच्या वेळा दाखवतात त्या बघ, स्टार बघू नकोस. आणि रिव्ह्यू वाचायचेच असतील तर एक-दोन स्टारवाले वाच, मला तेच जास्त उपयोगी वाटतात. पाच स्टारवाला ‘सुपर’ म्हणून मोकळा होतो, एक स्टारवाला मात्र लॅपटॉप काढू देत नाहीत, कार्ड घेत नाहीत, प्लग नाही, सोमवारी बंद असतं सांगितलं नाही, असं सगळं रागानं लिहून ठेवतो, आपलं काम होतं. तासाभरानं दुसरं काहीतरी मागव नाहीतर ऊठ. वीसएक युरो रोख जवळ असू देत, अजून बऱ्याच ठिकाणी कार्ड चालत नाही. ‘रिझर्व्हिअर्ट’, म्हणजे राखीव, लिहिलेल्या टेबलावर बसायचं नाही. जागा नसेल आणि एखाद्या मोठ्या टेबलावर खुर्ची रिकामी दिसली तर ‘इस्ट हिअर नॉख फ्राय?’, इथं जागा आहे का, विचारायचं, बेकरीत आणि साध्या ठिकाणी लोक मान हलवून बसू देतात.

आणि कॉफीची चव जुळत नाही म्हणून जे लिहिलंयस, त्याला इलाज नाही. तिकडं पण फिल्टर कॉफी मिळते, कागदी फिल्टर तर तिथलाच, मेलिटा बेंट्झ नावाच्या ड्रेस्डेनच्या बाईनं १९०८ साली पेटंट घेतलेला, पण आपल्याकडची चिकोरीवाली दाट कॉफी आणि वर फेस काढलेलं दूध हे त्या मशीनमधनं येणार नाही. ‘चाय लाटे’ मागवून परत फसू नकोस, दालचिनीचं गोड दूध येतं. आपल्या चवीची कॉफी घरातच कर. हुबळीची मैत्रीण आहे की! जी पोरगी रोज कन्नडमध्ये ‘ऊटा आतेन?’, जेवण झालं का, विचारते तिला तू फक्त पैसे वाचवायला सांगणारी समजून बसलीयस. इकडनं येणाऱ्या कोणाकडनं तरी स्टीलचा फिल्टर आणि पावडर मागवा आणि रविवारी दुपारी दोघी मिळून करा, दुकानं रविवारी बंद असतात त्यामुळं बाहेर करण्यासारखं तसंही काही नसतं. पण ती म्हणते तसं कॅफे पूर्ण सोडायचा, हे मला पटत नाही. थंडीत चार वाजता अंधार पडायला लागतो, खोलीत एकटीनं चार भिंती बघत बसलं की माणूस बिघडतो.

आता पैशाचं. युरोला शंभराच्या वर-खाली रुपये धरले तर साडेचारशेची कॉफी, हा आकडा डोक्यात आला की घोट खाली उतरत नाही, समजू शकते. लोन आहे, बाबा लेथवर उभे आहेत, हे काही नाटक नाही. पण प्रत्येक कपाला शंभरनं गुणत बसलीस तर ब्रेड पण खाता येणार नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो भरलेस ना, म्हणजे महिन्याला ९९२ सुटतात. त्यातले वीस युरो कॅफेसाठी वेगळे काढ, दोन टक्के होतात. ते वीस संपेपर्यंत रुपयाचा विचार करायचा नाही, संपले की त्या महिन्यात कॅफे नाही, मेन्सा. दर शनिवारी कॉफी आणि केक धरून आठ-नऊ युरो घालवतेस, ते महिन्याला पस्तीसपर्यंत जातात, तेवढे नकोत, केक सोड. तसंही प्रत्येक सेमिस्टरला तुमच्या त्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना १,५०० युरो फी आहे, त्यापुढं कॉफीवर एवढी रात्र जागवायची गरज नाही.

आणि कमाई सुरू झाली की हिशोब आपोआप बदलतो. विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि २०२६ च्या जानेवारीपासून तिकडं किमान मजुरी तासाला १३.९० युरो आहे. म्हणजे एक तास काम, तीन कॉफ्या. मग ती साडेचारशे रुपयाची राहत नाही, वीस मिनिटांची होते. कॅफेतच नोकरी केलीस तरी चालेल, फक्त खाण्यापिण्याच्या ठिकाणी काम सुरू करायच्या आधी आरोग्य खात्याकडनं स्वच्छतेची माहिती घेतल्याचा दाखला लागतो, आणि थोडंफार जर्मन. तुझ्या लाइनमध्ये मात्र डिपार्टमेंटमधला हिवी जॉब, म्हणजे प्रोफेसरच्या लॅबमधलं काम, जास्त बरं, अनुभव पण दिसतो.

क्लासमधल्या पोरांना टाळतेस, त्याचं कारण तू लिहिलं नाहीस पण मला दिसतंय. आपल्याकडं चौघं हॉटेलात गेले की बिलावर मारामारी, एकानं दुसऱ्याचा हात धरायचा, तिसऱ्यानं तोवर गल्ल्यावर जाऊन पैसे द्यायचे, आणि आज त्यानं दिले म्हणजे पुढच्या वेळी आपण द्यायचे हे न बोलता ठरलेलं. तुला भीती आहे की सहा जणांची कॉफी एक दिवस आपल्या अंगावर येणार, पंचवीस-तीस युरो. नाही येणार गं. तिकडं ‘त्सालेन, बिटे’, म्हणजे बिल द्यायचंय, म्हटलं की वेटरच विचारतो ‘त्सुझामेन ओडर गेट्रेंट?’, एकत्र की वेगवेगळं, आणि वेगवेगळं म्हणण्यात कुणालाच काही वाटत नाही. प्रत्येक जण आपलं सांगतो, आपलं देतो. तीन साठ झाले तर चार म्हणून द्यायचे, टिप झाली. कुणी एकदा तुझे दिले तर थँक्स म्हण, डोक्यावर कर्ज घेऊ नकोस. आणि तुला कॅफेत नकोच असेल तर तूच सुचव, मेन्सात बसूया, किंवा हवा बरी असली की मारिएनप्लाट्झला. त्या चौकात लोक नुसते पायऱ्यांवर बसलेले असतात, हातात आइस्क्रीम नाहीतर घरनं आणलेली बाटली, बाजूनं डोंगर चढणारी ती छोटी दातेरी रेल्वे देगरलोखला जाते. पैसे शून्य. आरपीडी क्रॉसच्या जवळात जवळ जाणारं मला तरी तेच वाटतं.

जे दुसऱ्या देशात आहेत त्यांनी सुद्धा लिहिलंय म्हणून पटकन सांगते. इटलीत काउंटरला उभं राहून प्यायलेली कॉफी आणि टेबलावर बसून प्यायलेली कॉफी ह्यांचे दर वेगळे असू शकतात, बसायच्या आधी पाटी बघा. व्हिएन्नात जुन्या कॉफी हाऊसमध्ये एका कपावर पेपर वाचत तास-दोन तास बसलं तरी चालतं, बरोबर पाण्याचा ग्लास पण आणून देतात, तिथं उगाच लाजू नका. आणि नेदरलँड्समध्ये ‘कॉफीशॉप’ पाटी बघून आत शिरू नका बाबांनो, तिथं गांजा विकतात. घरच्यांना फोटो पाठवायच्या आधी तर नक्कीच बघा.

राहिलं आईचं. कॅफेत बसून ‘लायब्ररीत आहे’ म्हणणं बंद कर. सांग की आज मैत्रिणीबरोबर कॉफी प्यायला गेले होते, एवढे पैसे झाले. ती ‘अगं बाई, एवढे?’ म्हणेल, म्हणू दे, बाबांना पण सांगेल, सांगू दे. पोरगी तिकडं कोणाबरोबर तरी बसते-उठते हे ऐकून त्यांना बरंच वाटेल, काळजी त्यांना त्याचीच जास्त असते, कॉफीची नाही.

आणि माणसांसाठी अजून एक जागा आहे, ती मला तुझ्यासाठीच आहे असं वाटतंय. ‘स्प्राखकॅफे’ असतात, भाषा शिकायला जमतात ते, तिथं जाच. पण ‘रिपेअर कॅफे’ ऐकलायस का? २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला सुरू झालं, आता जर्मनीतल्या बऱ्याच शहरांत असतं. लोक बंद पडलेला मिक्सर, टोस्टर, सायकल, जुना रेडिओ घेऊन येतात, आणि हौशी मंडळी टेबलावर हत्यारं मांडून फुकट दुरुस्त करून देतात, बाजूला कॉफी आणि कुणीतरी घरून केलेला केक. उद्यमबागेत वाढलेल्या पोरीला स्क्रू कुठल्या बाजूनं फिरवायचा हे जर्मनमध्ये सांगायची गरज पडत नाही. तिथं तू एकटी कॅफेत बसलेली बाई नसशील, हातात पाना असलेली पोरगी असशील, आणि अडलंच कुठं तर बाबांना व्हिडिओ कॉल लाव, मोटार उघडून दाखव, ते खूश होतील. बहुतेक ठिकाणी महिन्यातनं एकदाच असतं, त्यामुळं शहराचं नाव टाकून आजच तारीख शोध, आणि मदतीला येऊ का म्हणून आधी मेल टाक. कॉफीला डबा ठेवलेला असतो, जमेल तेवढं टाकायचं.